हरीण असतं, तर?

कान्हाच्या कुरणात श्रवणताल नावाचं एक तळं आहे. आंधळ्या आईवडिलांसाठी श्रवणबाळ पाणी भरत होता आणि दशरथाचा बाण त्याला लागला तो इथंच, असं तिथले लोक सांगतात. जवळच दशरथाचं मचाण दाखवतात, श्रवणाची चिताही दाखवतात. अयोध्या कुठे आणि मंडला जिल्हा कुठे, असं ज्याला वाटेल त्याने आपल्या महाराष्ट्रात सीतेच्या न्हाण्या किती आहेत ते आधी मोजून यावं. वाल्मीकींच्या दशरथाला घागर भरल्याचा आवाज हत्तीचा वाटला होता आणि तिथे त्या मुलाला नावही नाही. लोकांच्या तोंडी मुलाला नाव मिळालं आणि हत्तीचं हरीण झालं.

मी शाळेत संस्कृत शिकवायचे. निवृत्तीनंतर नागपुरात आणि आजूबाजूच्या गावांत चातुर्मासात प्रवचनं करते. श्रवणबाळाची कथा किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. बायकांचे डोळे दर वेळी भरून येतात, माझाही गळा दाटतो. पण त्या तळ्याशी जिप्सी थांबली तेव्हा माझ्या डोक्यात आला तो अगदी कोरडा विचार. दशरथाचा अंदाज चुकला, एवढंच ना? समजा चुकला नसता. पाण्यावर खरोखरच हरीण असतं, तर शाप नाही, पुत्रवियोग नाही, वनवास नाही. राजा घरी आला असता, जेवला असता आणि स्वस्थ झोपला असता.

महाभारतातही तीच तऱ्हा. पांडूला हरणाने शाप दिला खरा, पण ते हरीण म्हणजे किंदम ऋषी. आणि शाप देताना तो ऋषी स्वच्छ सांगतो की हरीण मारलंस याबद्दल माझं काही म्हणणं नाही, राजे मृगया करतातच. मैथुनाच्या वेळी मारलंस हा तुझा अपराध. हरणाच्या कातड्याआड माणूस निघाला तरच पाप लागायचं, असा एकंदर हिशेब दिसतो.

कान्हाला मी गेले त्याला निमित्त झाली एक मुलगी. पशुवैद्यकीय कॉलेजात शिकते, आजीला सोबत म्हणून माझ्या प्रवचनाला येऊन बसते आणि बराचसा वेळ फोनमध्ये असते. त्या दिवशी विषय होता जडभरताचा. भरत राजा राज्य सोडून गंडकीकाठी पुलहाश्रमात तप करत बसलेला. एक गाभण हरिणी पाण्यावर येते, सिंहाच्या गर्जनेला घाबरून नदीवरून उडी टाकते, त्या धसक्यात पाडस प्रवाहात पडतं आणि ती पलीकडे मरते. भरत पाडसाला उचलून आणतो, वाढवतो, त्याच्या पायी जपतप विसरतो आणि मरताना देवाऐवजी त्याचाच विचार मनात असल्यामुळे पुढच्या जन्मी हरीण होतो. आसक्ती किती वाईट, हे सांगायला आम्हा प्रवचनकारांना ही कथा फार सोयीची. मी ती सांगून संपवली, आणि या मुलीने हात वर केला. म्हणाली, "बाई, एक पाडस वाचवलं तर एवढी शिक्षा. ज्यांनी अख्खा वंश वाचवला त्यांचं काय होईल?"

सभा हसली. मी "पुढच्या वेळी सांगते" म्हणाले आणि आरती सुरू केली. तिच्या मनात कान्हाचा बारशिंगा होता, हे नंतर प्रसाद घेताना कळलं.

बारशिंग्याची गोष्ट थोडी ऐसपैस सांगायला हवी, कारण आमच्याकडचे लोक कान्हाला जातात ते वाघासाठी आणि वाघ दिसला नाही तर रुसून परत येतात. भारतात बारशिंग्याची तीन घराणी आहेत. तराईतला आणि आसामातला हे दोघे दलदलीत रमणारे, त्यांचे खूर चिखलात रुतू नयेत म्हणून पसरट. मध्य भारतातला तिसरा कठीण जमिनीवर राहणारा, त्याचे खूर आवळलेले, टणक. त्याच्या शास्त्रीय नावात डनबार ब्रँडर या इंग्रज वन अधिकाऱ्याचं नाव अडकवलेलं आहे. हा माणूस जुन्या मध्य प्रांतात नोकरीला होता आणि त्या प्रांताची राजधानी आमचं नागपूर, म्हणून मला उगाचच आपुलकी. जुन्या पुस्तकांत नराला गोइंजक आणि मादीला गाओनी अशी मध्य भारतातली नावं सापडतात.

१९३८ साली कान्हाच्या परिसरात सुमारे ३,००० बारशिंगे मोजले गेले होते. १९७० साली उरले ६६. बाकी मध्य भारतातून तोपर्यंत तो जवळजवळ पुसलाच गेला होता. शिकार हे एक कारण, पण एकटं नाही. चितळ गवत खातो, पाला खातो, पडलेली फळंही खातो. बारशिंगा हट्टी, त्याला गवतच लागतं. त्याचं पिल्लू पावसाळा सरताना जन्मतं आणि पहिले काही दिवस उंच गवतात दडून राहतं. आई चरून येते आणि त्याला पाजते. तेव्हा कुरणं नांगराखाली गेली, उरलेल्या कुरणांवर गावोगावची गुरं चरू लागली, नवा कोवळा चारा यावा म्हणून दरवर्षी गवत पेटवलं जाऊ लागलं, की या प्राण्याची चूल आणि पाळणा दोन्ही एकदमच जळतात. उघड्यावर आलेली पिल्लं मग वाघ, बिबट्या, कोल्हा जो पहिला येईल त्याची. जॉर्ज शॅलर हा प्राणिशास्त्रज्ञ १९६३ ते ६५ कान्हात मुक्काम ठोकून होता. हरणं आणि वाघ यांच्यावरच्या त्याच्या पुस्तकाने बारशिंग्याची अवस्था जगापुढे आणली. पुढे क्लोद मार्टिन या स्विस माणसाने खास बारशिंग्यावरच काम केलं आणि गवताचा मुद्दा पक्का झाला.

मग जे केलं ते थोडक्यात असं. कुरणाचा एक तुकडा तारेच्या उंच कुंपणाने बंद केला आणि काही बारशिंगे आत ठेवले, म्हणजे वाघ-बिबट्यांचा हात पोचणार नाही. वाटेल तेव्हा गवत पेटवणं थांबवलं. सोनफ नावाचं गाव उठवलं आणि त्याच्या शेतांवर गवत येऊ दिलं. पुढे उद्यानाच्या आतली वीसहून अधिक गावं हलवली गेली. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प आला. आज कान्हात बारशिंगे हजाराच्या आसपास आहेत. एकाच ठिकाणी एखादी साथ आली तर पुन्हा सगळं मुसळ केरात, म्हणून २०१५पासून काही सातपुड्यात नेले, नंतर बांधवगडलाही. मध्य प्रदेशाचा तो राज्यप्राणी आहे आणि उद्यानाने भूरसिंह नावाचा एक गोड कार्टून बारशिंगाही काढला आहे. त्याच्याबद्दल माझं मत विचारू नये.

मी पाहिला तो खरा बारशिंगा सोनफच्या मैदानावर, डिसेंबरात. माजाचे दिवस. मान आणि छाती चिखलात लोळून काळपट झालेली. त्याने डोकं खाली घालून शिंगं गवतात खुपसली, दोन-तीन हिसके दिले आणि डोकं वर केलं तेव्हा प्रत्येक टोकाला गवताचे झुपके अडकलेले होते. एक लांब काडी नेमकी डोळ्यावर लोंबत होती. त्याने मान झटकली, काडी हलली, पण पडली नाही. मग त्याने तिचा नाद सोडला आणि तोंड वर करून ओरडला. एवढ्या राजबिंड्या जनावराचा आवाज थेट गाढवासारखा. शेजारच्या जिप्सीतली मुलं खदखदून हसली. माद्या मात्र गंभीरपणे चरत होत्या. त्यांच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नसावं.

तर त्या मुलीचा प्रश्न. एक जीव वाचवला तर पुण्य, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. पण वंश वाचवण्याबद्दल शास्त्र काय म्हणतं?

धर्मशास्त्रात पाहावं तर मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्राण्यांच्या हत्येची प्रायश्चित्तं दिली आहेत. मांजर, मुंगूस, बेडूक, घोरपड, घुबड, कावळा, सगळ्यांची नोंद आहे. हाडं असलेले बारीक जीव हजार मारले तर अमुक, बिनहाडाचे गाडाभर मारले तर तमुक, आणि त्या अमुक-तमुकाचं माप म्हणून तिथं शूद्राच्या हत्येचं प्रायश्चित्त सांगितलं आहे. माणसाच्या जिवाचं मोल जो असं करतो त्याच्याकडून बेडकाच्या जिवाचा न्याय मी मागायला जाणार नाही. पण पद्धत कळते. डोकी मोजायची आणि दर लावायचा. हजारांतल्या एका बेडकाला जो दर, तोच जगातल्या शेवटच्या बेडकाला. शेवटचा असण्याला या वहीत रकानाच नाही.

दर्शनांकडे वळावं तर तिथे वेगळीच गंमत. न्याय-वैशेषिकांच्या मते गायींमधलं गोत्व नित्य आहे. गायी जन्मतात, मरतात. गोत्व जन्मत नाही आणि मरत नाही. प्रलयात एकही गाय उरली नाही तरी गोत्व शाबूत. म्हणजे १९७०च्या सुमारास ते ६६ही संपले असते, तरी बारशिंग्याचं बारशिंगेपण कुठेही जाणार नव्हतं, आणि नैयायिकाने शांतपणे सांगितलं असतं की रडताय कशाला, काहीच नष्ट झालेलं नाही. कॉलेजात हा भाग शिकले तेव्हा मला तो फार उंचीचा वाटला होता. सोनफला त्या खुरांकडे पाहताना वाटेना. तराईतून त्याच जातीचे प्राणी आणून इथे सोडता आलेच असते. बारशिंगेपणाला त्याने धक्का लागला नसता. पण ते पसरट खुरांचे निघाले असते. या जमिनीला जुळलेले हे टणक खूर कुठल्या नित्य तत्त्वातून उतरलेले नाहीत. आईकडून पाडसाला, त्या पाडसाकडून पुढच्याला, असे ते आले, मधला एकही सांधा न निखळता. त्या ६६ जनावरांच्या पायांत एवढं सगळं साठलेलं होतं.

एका जिवापुरती नाही आणि नित्य तत्त्वाचीही नाही, अशी ही मधलीच वस्तू. तिचं दुःख आपल्या ग्रंथांना अजिबात माहीत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. माहीत आहे, आणि जिथे आहे तिथे अगदी दाराशीच आहे: महाभारताच्या आरंभी. आस्तीकाच्या कथेत.

आपण ती कथा अर्ध्यातून सांगतो. बापाला, परीक्षिताला, तक्षकाने दंश केला म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडलं, सगळ्या सर्पकुळाची आहुती पडू लागली, आस्तीकाने ती थांबवली, नागपंचमीचा नमस्कार, संपलं. पण आस्तीक जन्माला आला कसा, ते विसरू नये. त्याचा बाप जरत्कारू हा ब्रह्मचारी तपस्वी रानोमाळ भटकताना एका खड्ड्याशी येतो. खड्ड्यात काही म्हातारे उलटे टांगलेले. ज्याला धरून ते लोंबकळत आहेत तो वाळ्याचा झुपका, आणि त्याचं एकच मूळ उरलेलं आहे. तेही एक उंदीर कुरतडतो आहे. हे त्याचेच पूर्वज. आमच्या कुळात एकच पोरगा शिल्लक आहे, तो तपाच्या मागे लागला आहे आणि लग्न करत नाही, म्हणून आमची ही दशा, असं ते त्याला, तोच तो हे न ओळखता, सांगतात. उंदीर म्हणजे काळ. मग जरत्कारू लग्नाला तयार होतो आणि वासुकी नागाची बहीण त्याला मिळते. इकडे वासुकीलाही आपल्या कुळावरच्या, आगीत जळून मरण्याच्या शापाची धास्ती आहे. बहीण त्याने याच मुलासाठी राखून ठेवलेली आहे. म्हणजे माणसाचा एक वंश गवताच्या एका मुळावर लोंबकळतो आहे, सापांचा वंश आगीच्या तोंडाशी आहे, आणि दोघांना तारणारं पोर एकच.

या कथेत कुणाला सापांचा कळवळा आलेला नाही, ही मला तिची सगळ्यात भावणारी गोष्ट वाटते. आस्तीक जनमेजयाला साप किती निरुपद्रवी आहेत ते पटवत बसत नाही, साप गोंडस असतात असं सांगत नाही. सापांनी परीक्षिताला मारलेलं आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. देवांनीसुद्धा या शापाला मान डोलावली होती, कारण विषारी साप फार झाले होते. तरीही आस्तीक राजाची स्तुती करून एकच वर मागतो: हे सत्र थांबव. एका सापाच्या गुन्ह्यासाठी एका सापाला मारणं आणि सापांचं कूळच मिटवणं, यांच्यात नुसत्या संख्येचा फरक नाही, हे महाभारताला कळलेलं होतं. कळलेलं होतं म्हणूनच ते या कथेपासून सुरू होतं. खांडववन जाळताना अर्जुनाला आणि कृष्णाला ते कळलं होतं का, हा वेगळा प्रश्न. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये त्या आगीकडे आपल्याला नीट पाहायला लावलं आहे, आणि तक्षकाचं वैरही त्या आगीतूनच आलेलं आहे.

आता भरताकडे येते. त्या मुलीने पुढे मला बोमा नावाची रीत समजावून सांगितली. ही पद्धत आफ्रिकेतून आली. बारशिंगे सातपुड्यात न्यायचे तर पकडायचे कसे? हरणाला माणसाचा हात लागला, दोरी लागली, की ते नुसत्या भीतीने कोसळतं. अंगावर ओरखडा नसतो आणि जनावर मरतं. म्हणून कुरणात कापडाच्या उंच भिंतींची लांब गल्ली उभारतात, तोंडाशी रुंद आणि पुढे अरुंद होत जाणारी. कळप चरत-चरत आपल्या पायांनी आत शिरतो, मागून पडदा पडतो, गल्लीच्या टोकाला ट्रक. पडद्यामागची माणसं बोलत नाहीत, खोकतही नाहीत. "भरताने पाडसाला मांडीवर घेतलं," ती म्हणाली, "आमच्याकडे मांडीवर घेतलं तर ते मरेल." मग हळूच पुस्ती जोडली: "आणि पुढच्या जन्मी हरीण झाल्यावर तुमचा भरत सुकी पानं खाऊन राहिला ना? बारशिंगा झाला असता तर उपाशीच गेला असता." या पिढीला भागवत नव्याने शिकवण्याची गरज नाही, नुसतं ऐकवलं की पुरे.

हाच धागा पकडून तिच्या प्रश्नाला झकास उत्तर देता आलं असतं. लळा न लावता राखणं, फळाची आस न ठेवता करणं, गीतेचा कर्मयोग, टाळ्या. मी ते उत्तर देत नाही, कारण ते सोनफला अडखळतं.

सोनफच्या मैदानात मधेच काही आंब्याची झाडं आहेत. रानातले आंबे असे ओळीने उगवत नाहीत. आमच्याबरोबरचा गाइड गोंड होता, तरणा मुलगा. इथे गाव होतं हे त्याने सांगितलं ते वाघाचा ठसा दाखवावा तितक्याच सहज. त्याच्या आजोबांचं गाव हे नव्हे, पण असंच एक आतलं. मी विचारलं, वाईट वाटतं का? तो म्हणाला, आजोबांना वाटायचं. आणि लगेच दुर्बीण माझ्या हातात देऊन त्याने पाणकाठावरची माद्यांची रांग दाखवली. त्याला त्या प्रत्येकीचं वय अंदाजाने सांगता येत होतं आणि सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. हे दोन्ही त्याच्यात एकाच वेळी नांदतं. मला ते नीट जुळवून दाखवता येणार नाही.

आपल्याकडे पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. जेवायला बसण्याआधी कावळ्याचा, गायीचा, मुंग्यांचा घास काढून ठेवायचा. माझी आई ठेवायची, मीही ठेवते. त्यामागचा विचार दयेचा नाही, देण्याचा आहे. आपण या सगळ्यांचं काही देणं लागतो, ते फेडायचं. बारशिंगा वाचवण्याला मला दयेपेक्षा ही भाषा जास्त साजेशी वाटते. तीन हजारांचे सहासष्ट आपण केले, तर भरपाई आपली. पण कर्जाला एक साधा नियम असतो: ज्याने काढलं त्याने फेडावं. इथे काढलं कुणी? मचाणावर बसणाऱ्या साहेबांनी, संस्थानिकांनी, सालाचं लाकूड तोडून रेल्वेच्या रुळांखाली घालणाऱ्या सरकारने, आणि हो, चराऊ गुरांच्या गावांनीसुद्धा. त्यांना सोवळं ठरवण्यात अर्थ नाही. फेडलं मात्र एकट्या गावांनी. शहरात बसून आम्ही निसर्गाचं ऋण फेडल्याचं समाधान मिळवतो आणि जमीन जाते बैगा आदिवासींची. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

बैगांना तर धर्माचा हा प्रश्न आपल्याकडून शिकायची गरजच नव्हती. नांगर घातला की धरतीमातेच्या छातीवर जखम होते, असं मानून ते पिढ्यान् पिढ्या नांगराविना शेती करत आले. डोंगरउतारावर झाडं तोडून-जाळून राखेत बी पेरायचं, काही वर्षांनी पुढे सरकायचं. त्याला ते बेवर म्हणतात. इंग्रज सरकारने त्यांना एका ठरावीक पट्ट्यात कोंडलं आणि बाकी ठिकाणी नांगर धरायला लावलं. व्हेरिअर एल्विनने १९३९ सालच्या आपल्या ग्रंथात याची सगळी कैफियत मांडली आहे. ज्यांचा देव नांगराला नको म्हणत होता त्यांना आधी नांगर दिला आणि नंतर नांगरलेली जमीन गवतासाठी मागून घेतली. या व्यवहारात आपण धर्माचं नाव काढताना थोडं जपून काढावं.

मग बारशिंगा वाचवायला नको होता का? हवा होता. सोनफवर गवत आलं नसतं तर तो वाचलाच नसता, हेही मला दिसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असताना एकीने दुसरीला झाकायचं नाही, इतकंच. पुण्य लागलं म्हणणाऱ्याने सोनफचं नाव त्याच वाक्यात घ्यावं.

ही सगळी मांडणी मी गेल्या नागपंचमीला गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात केली. धानाचा मुलूख, रान बांधाला लागून. आस्तीक, वाळ्याचं मूळ, जनमेजय, बारशिंगा, सोनफ. प्रवचन बरं झालं होतं. पुढच्याच रांगेतला एक शेतकरी उठला आणि म्हणाला, "बाई, आस्तीकाला शेती नव्हती." त्याचं धान रानडुकरांनी लोळवलं होतं आणि भरपाईचा अर्ज कुठल्याशा टेबलावर पडून होता.

मी म्हटलं, नव्हती, खरं आहे. पण कथा तिथं संपत नाही. सत्र थांबलं तेव्हा वाचलेले साप आस्तीकाकडे आले आणि तुला काय देऊ म्हणाले. त्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही. ही कथा जो म्हणेल, माझं नाव जो घेईल, त्याला तुमच्यापासून भय नसावं, एवढं मागितलं. सापांनी शब्द दिला. म्हणून माझी आजी अंधारात अंगणात जाताना "आस्तिक, आस्तिक" म्हणायला लावायची. सापांना जगू द्यायचं ठरलं ते एकतर्फी ठरलं नव्हतं. माणसाच्या वतीने मागणारा कुणीतरी तिथे उभा होता, आणि तो सापांचा भाचाही होता. तुमच्या वतीने अजून कुणी उभं राहिलेलं नाही आणि सोनफच्या वतीनेही नव्हतं. कथेत आहे ते आपल्याकडे व्हायचं आहे.

त्याने थोडा विचार केला. "मग सापांनी शब्द पाळला?"

"महाभारतात पाळला," मी म्हटलं.

"महाभारतात पाळला," तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि दोघं चहाकडे वळले.